वाकडचा वीकेंड 'कॉर्पोरेट इंग्लिश' क्लास : साडेसहा हजार देण्यासारखा आहे का?

आधीच सांगते, क्लासचं नाव देणार नाहीये. निम्मं चांगलं अन निम्मं वाईट लिहायचंय, आणि मग त्यांचे फोन सुरू झाले की डोक्याला ताप. तसंही वाकड-हिंजवडी साईडला दर दुसऱ्या बिल्डिंगवर पीजीच्या बोर्डाशेजारी असा एक बोर्ड असतोच, कॉर्पोरेट इंग्लिश, बिझनेस जार्गन, क्लायंट कॉलची तयारी, गॅरंटीड कॉन्फिडन्स वगैरे, आणि बऱ्याच ठिकाणी चौकशी केल्यावर माझं मत असं झालंय की सगळ्यांचा साचा एकच आहे, त्यामुळे एकाचा रिव्ह्यू वाचलात तरी बाकीच्यांचा अंदाज येईल. घाईत असाल तर एवढंच वाचा : मॅडम शिकवत असतील तर डोळे झाकून जा, सर शिकवत असतील तर कुणाकडून तरी पुस्तिका घेऊन झेरॉक्स मारा अन पैसे वाचवा.

मी मूळची बार्शीची, मराठी मिडियम, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीमध्ये बरीच वर्षं काढली आणि आता कस्टमर कोऑर्डिनेशनला आहे, एक कस्टमर मिशिगनचा अन बाकीचे जर्मनीचे. आता क्वालिटीवाल्यांना जार्गनची भीती कशाला वाटेल, आमचं निम्मं बोलणंच तसलं असतं. पार्टच्या मंजुरीचं पीपीएपी, तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्यांचं एट-डी, पाचदा 'का' विचारायचं फाइव्ह व्हाय, चूक होऊच न देणारं पोका-योके, झोपेतून उठवून विचारा. पण त्या शब्दांचं एक बरं असतं, प्रत्येकाला ठरलेला अर्थ असतो. एट-डी म्हटलं की तिसरी पायरी म्हणजे खराब माल आधी अडवायचा, कारण नंतर शोधू, आणि हे मिशिगनलाही तेच अन चाकणलाही तेच. कॉलवर मात्र वेगळीच तऱ्हा. तिथे शब्द सगळे सोपे, अलाइन, सर्कल बॅक, टच बेस, बँडविड्थ, व्हिजिबिलिटी, डिक्शनरी उघडायची गरज नाही, आणि तासाभराने फोन ठेवल्यावर बाजूचा विचारतो काय ठरलं, तर आमच्या दोघांचं उत्तर वेगळं. ह्या दुसऱ्या प्रकारासाठी मी क्लास लावला. आणि जार्गनचे असे दोन प्रकार असतात, एक वेळ वाचवणारा अन एक अंग काढून घेणारा, हे क्लासच्या पुस्तिकेला माहीतच नाहीये, माझी मुख्य तक्रार तीच आहे.

फी साडेसहा हजार, शनिवार-रविवार दुपारी, एसी चालू असतो पण तीस जणांत जाणवत नाही. जाहिरातीत 'पंधरा जणांची बॅच' लिहिलंय. विचारलं तर म्हणाले दोन बॅच तात्पुरत्या मर्ज केल्यात. ते तात्पुरतं शेवटपर्यंत चाललं.

पुस्तिका म्हणजे स्पायरल बाइंडिंग, वर ग्लॉसी कव्हर, आत हाताचा शेकहँड करणारा फोटो, तो असतोच. ए पासून झेडपर्यंत तीनेकशे शब्द अन वाक्प्रचार, डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला सोप्या इंग्रजीत अर्थ आणि खाली गाळलेल्या जागा भरा. गाळलेल्या जागा! म्हणजे 'सिनर्जी' हा शब्द योग्य जागी भरल्याबद्दल एक मार्क. सिनर्जी, पॅराडाइम शिफ्ट, बॉइल द ओशन असले शब्द आमच्या कस्टमरच्या तोंडून मी कधीच ऐकले नाहीत, ते बहुतेक कन्सल्टंट लोकांच्या स्लाइडवर राहतात. आणि ज्यांच्यावर रोज भांडणं होतात ते शब्द एकेका ओळीत उरकलेत. ईओडी म्हणजे एंड ऑफ डे, संपलं. कुठल्या देशाचा डे, ते नाही. पीओसी म्हणजे प्रूफ ऑफ कन्सेप्ट, एवढंच दिलंय, आणि आमच्याकडे पीओसी म्हणजे पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट, त्यामुळे 'प्लीज शेअर द पीओसी' असा मेल आला की एका डिपार्टमेंटला एक नाव अन फोन नंबर पाठवायचा असतो आणि दुसऱ्या डिपार्टमेंटला महिनाभराचं काम करून दाखवायचं असतं.

आपल्याकडचे म्हणून जे शब्द आहेत त्यांचा तर पत्ताच नाही. पीएफए (प्लीज फाइंड अटॅच्ड), एमओएम (मिनिट्स ऑफ मीटिंग), केटी. हे भारतातल्या कंपन्यांत सर्रास चालतात, बाहेरच्यांना बऱ्याचदा कळत नाहीत. केटीवरून आमच्या बॅचमधल्या नगरच्या पोराने धमाल किस्सा सांगितला. इंजिनिअरिंग नीट पार पडलं, एक विषय राहिला नाही, कॉलर ताठ, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणतो उद्यापासून तुझी केटी आहे, दोन आठवडे चालेल. ज्याने चार वर्षं युनिव्हर्सिटीच्या केटीला घाबरून काढली त्याला नॉलेज ट्रान्सफर कुठून सुचणार. तो म्हणे रात्री घरी फोन करून विचारत होता की कंपनीत पण एटीकेटी असते का.

आता सर. सरांबद्दल वाईट लिहायला जीवावर येतं कारण माणूस मनापासून शिकवतो. एमबीए, तिशीतला, चेहऱ्यावर कायम हसू, आणि उच्चारांचा भारी आग्रह. अमेरिकन लोक 'लेव्हरेज' म्हणतात अन ब्रिटिश 'लीव्हरेज', यावर पाऊण तास गेला. अहो, मला तो शब्द वापरायचाच नाहीये, मला 'वापर' म्हणायचं असतं तेव्हा मी यूज म्हणते. सरांचा दुसरा छंद म्हणजे प्रत्येक शब्दाचा जन्मदाखला. ते ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोलू. ओकेआर, म्हणजे उद्दिष्ट अन ते मोजायचे निकाल, हे प्रकरण इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने १९७० च्या दशकात चालवलं अन १९९९ ला जॉन डोअरने ते गूगलमध्ये नेलं. स्मार्ट गोल्समधला स्मार्ट, म्हणजे ध्येयाच्या पाच कसोट्यांची आद्याक्षरं, १९८१ सालच्या जॉर्ज डोरन नावाच्या माणसाच्या लेखातून आली. स्क्रम, म्हणजे सॉफ्टवेअर टीमची काम करायची एक पद्धत, हा रग्बीतला शब्द, टाकेउची अन नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ मध्ये नवीन प्रॉडक्ट बनवणाऱ्या टीमची तुलना रग्बीच्या टीमशी केली तिथून तो सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलला, आणि पुढे २००१ ला युटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले अन त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत बनवायच्या तत्त्वांचा कागद, काढला. आयटीतली पोरं खूश, डेली स्टँडअपला उभं का राहायचं ते त्यांना अखेर कळलं. बैठक लांबू नये म्हणून. त्यांची पाऊण तास चालते, ती गोष्ट वेगळी.

पण सोमवारी सकाळी कामावर गेल्यावर ह्यातलं काय कामाला येतं? फार नाही. बेसबॉलवाल्या शब्दांचं तर हसूच झालं. टच बेस, बॉलपार्क, कर्व्हबॉल, स्टेप अप टू द प्लेट, हे सगळे बेसबॉलमधून आलेत, म्हणून सरांनी फळ्यावर बेसबॉलचं मैदान काढून नियम समजावले. तीस माणसं, सगळी टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेली, आणि सर फर्स्ट बेस, सेकंड बेस. शेवटी मागून एक जण म्हणाला, सर ते लगोरीसारखं आहे का. सर म्हणाले हो. नाहीये, पण विषय संपला हे महत्त्वाचं.

सरांचा एकच किस्सा खरोखर कामाचा निघाला. टेबल. ब्रिटिशांत एखादा विषय टेबल करणं म्हणजे आत्ता चर्चेला घेणं, अन अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं, बरोब्बर उलटं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अन अमेरिकन अधिकाऱ्यांची ह्यावरून बरीच खडाजंगी झाली होती, दोघांनाही तो कागद तातडीने चर्चेला हवा होता अन दोघंही भांडत होते, चर्चिलनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. हे ऐकल्यापासून मिशिगनवाल्याने टेबल म्हटलं की मी पेन खाली ठेवते. पुण्यातल्या जुन्या वळणाच्या कंपनीतल्या साहेबांनी म्हटलं तर मात्र फाईल उघडा.

आता मॅडम. डेमो लेक्चर मॅडमच घेतात, ते बघून सगळे पैसे भरतात, आणि मग सुरुवातीचे बरेच वीकेंड सर येतात. ही त्यांची ट्रिक आहे, लक्षात ठेवा. मॅडमनी एका एक्सपोर्टवाल्या कंपनीत परचेसला वर्षानुवर्षं काम केलंय अन आता निवृत्तीनंतर शिकवतात. पुस्तिका उघडतच नाहीत. पहिल्याच तासाला खऱ्या मेल्सच्या झेरॉक्स वाटल्या, नावं काळ्या स्केच पेनने खोडलेली, आणि म्हणाल्या, "पेन्सिल काढा. कोण करणार त्याखाली एक रेघ, काय करणार त्याखाली दोन, कधीपर्यंत त्याला गोल. बाकीचं वाचायचं पण धरून बसायचं नाही." पहिला मेल असा होता, जसाच्या तसा देते : लेट्स गेट अलाइन्ड ऑन द पाथ फॉरवर्ड अँड सर्कल बॅक वन्स द टीम हॅज बँडविड्थ. म्हणजे पुढे काय करायचं त्यावर एकमत करू अन टीमला वेळ मिळाला की परत बोलू. माझ्या शेजारी एक बँकेचे काका बसायचे, सहकारी बँकेतून मोठ्या बँकेत मर्ज झालेले, निवृत्तीला थोडाच काळ राहिलेला, त्यांनी पेन्सिल वर धरली ती धरलेलीच. रेघ मारायला काही सापडेना. कोण, लेट्स, म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही. काय, अलाइन. कधी, वेळ मिळाला की. मॅडम म्हणाल्या बरोबर, हा मेल कोरा आहे, आणि कोऱ्या मेलला घाबरायचं नसतं, त्यात आपण तारीख भरायची असते.

मग त्यांनी उत्तर लिहून घेतलं, ते मी अजून तसंच वापरते : टिल आय हिअर फ्रॉम यू, वुई विल कंटिन्यू विथ द करंट प्लॅन. आणि पुढे एक वार अन वेळ, इंडिया टाइम असं स्पष्ट लिहून. ह्या एका वाक्याने साडेसहा हजारातले निदान तीन वसूल झाले असं मी समजते. त्याआधी आम्ही अशा मेलला 'शुअर, नोटेड' लिहायचो अन दोन आठवड्यांनी समोरचा विचारायचा की अजून काही झालं का नाही. काय व्हायला हवं होतं ते दोघांनाही माहीत नसायचं. हां, एक आहे, स्वतःच्या बॉसला हे वाक्य असं कोरडं पाठवू नका, तिथे 'सर मी असं धरून चालते की' अशी सुरुवात करायची, हेही मॅडमनीच सांगितलं.

ईओडीचा हिशोब त्यांनी फळ्यावर करून दाखवला. मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या शुक्रवारचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारचे पहाटे अडीच, अन हिवाळ्यात ते घड्याळ मागे करतात म्हणून साडेतीन. म्हणजे फ्रायडे ईओडी म्हणणाऱ्या माणसाला रिपोर्ट शनिवारी पहाटे पोचला तरी चालतो, आणि आमच्याकडे त्यासाठी शुक्रवारी दुपारी तीनपासून टूलरूमपर्यंत आरडाओरडा सुरू असतो. उलटंही आहे, आमच्या मॅनेजरने कस्टमरला ईओडी म्हटलं की तो बिचारा त्याच्या संध्याकाळपर्यंत थांबतो अन आम्ही झोपलेलो असतो.

रिव्हर्ट शब्दावर मात्र मीच हात वर केला, कारण आमच्या ऑफिसात त्यावरून मोठा घोळ झाला होता. एका पार्टच्या ड्रॉइंगची रिव्हिजन बी वरून सी झाली होती, कस्टमरने काहीतरी शंका विचारली, आणि आमच्या टीममधल्या एकाने उत्तर दिलं, वुई विल रिव्हर्ट बाय मंडे. आपल्याकडे शाळेपासून रिव्हर्ट म्हणजे उत्तर देतो. कस्टमरने वाचलं की हे लोक सोमवारी परत जुन्या रिव्हिजनवर जाणार. बाहेर त्या शब्दाचा रोजचा अर्थ तोच आहे, पूर्वस्थितीला जाणे, अन सॉफ्टवेअरवाल्यांकडे तर रिव्हर्ट ही चक्क कमांड आहे, केलेलं काम उलटवायची. त्याने माल रोखायला सांगितला, रात्री कॉल, तीन मॅनेजर, आणि प्रत्येक जण परत परत म्हणतोय नो नो वुई विल रिव्हर्ट ऑन धिस. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, रिप्लाय लिही बाई, पाच अक्षरंच आहेत की.

त्याच तासाला डू द नीडफुल निघालं. हा प्रयोग एकेकाळी ब्रिटिश स्वतःच करायचे, ते थांबले, आपण चालू ठेवला. प्रीपोन आपला स्वतःचा, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत जाऊन बसलाय, त्यामुळे लाजायचं कारण नाही, फक्त अमेरिकनाशी बोलताना मूव्ह अप म्हणा नाहीतर तो थांबून विचार करतो. पासआउट इन २०१५ असं रेझ्युमेवर लिहिलं तर त्याला वाटतं हा २०१५ साली चक्कर येऊन पडला. हे सगळं चाललेलं असताना बँकेचे काका एकदम म्हणाले, "मॅडम, डू द नीडफुल म्हणजे आमचं 'योग्य ती कार्यवाही करावी'. चाळीस वर्षं हेच लिहीत आलोय." मॅडमनी विचारलं, मग ती कार्यवाही करायचं कोण. काका शांतपणे म्हणाले, "जो शेवटी सापडेल तो."

खरंच सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की इंग्रजीला उगाच एकटीला बोल लावतो आपण. माहितीस्तव तथा आवश्यक कार्यवाहीस्तव सविनय सादर, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, हे काय वेगळं आहे? कळविण्यात येते. कोण कळवतंय, नाव नाही. आपल्या तहसील ऑफिसात अन त्यांच्या बोर्डरूममध्ये माणसं सारखीच अंग चोरतात. अमेरिकेत तर २०१० साली ओबामांच्या सहीने कायदाच झाला, की सरकारी खात्यांनी लोकांसाठीचे कागद साध्या भाषेत लिहावेत. तो कितपत पाळतात हे तिकडच्यांनी सांगावं.

बॉलपार्कवर मॅडमनी मैदान काढलं नाही, परचेसवाल्या असल्यामुळे उलट्या बाजूने सांगितलं. बायर जेव्हा म्हणतो जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क, म्हणजे नुसता अंदाजे आकडा सांग, तेव्हा तो तुमचा आकडा वहीत लिहून घेत असतो, आणि तीन महिन्यांनी फायनल कोटेशन त्याहून वर गेलं की तोच आकडा तुमच्या तोंडावर मारतो. त्या स्वतः मारायच्या म्हणे. म्हणून आकडा एकटा सोडायचा नाही, बरोबर 'इंडिकेटिव्ह, प्लस मायनस २० टक्के, ड्रॉइंग बघितल्याशिवाय' असं शेपूट लावूनच पाठवायचा. बोलताना आकडा द्यावा लागला तर पाच मिनिटांत मेल करायचा. आमच्या मार्केटिंगवाल्यांना हे मी प्रिंट काढून दिलंय.

सगळ्यात जड तास शेवटचा होता, वाईट बातमीचा. मॅडमनी एक जुना, जगजाहीर मेल वाटला, मायक्रोसॉफ्टचे स्टीफन एलॉप यांनी जुलै २०१४ मध्ये स्टाफला पाठवलेला. सुरुवात हॅलो देअर. मग स्ट्रॅटेजी, अलाइनमेंट, फोन कसे असतील, कुठला फोन कुणासाठी, टीम्सची रचना. पेन्सिल घेऊन बसलेली तीस माणसं. सुमारे १२,५०० लोकांच्या नोकऱ्या जाणार ही गोष्ट अकराव्या परिच्छेदात येते. तिथपर्यंत पोचेस्तोवर आमच्यातल्या अर्ध्यांना वाटत होतं काहीतरी नवीन प्रॉडक्ट लाँच होतंय. राइटसायझिंग, स्ट्रीमलाइन, रिस्ट्रक्चर, ऑप्टिमाइझ, हे शब्द एका पानात एकापेक्षा जास्त दिसले तर वरून वाचू नका, खालून आकडा शोधत या, हा मॅडमचा नियम. आयटीतली एक मुलगी हळूच म्हणाली की तिच्या कंपनीत बेंचवरच्या, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसलेल्या, लोकांना 'पर्स्यू अपॉर्च्युनिटीज आउटसाइड' असा मेल आला होता अन एकाने त्याला थँक यू असं उत्तर दिलं.

ह्याच ओघात सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आलं, आणि ह्यासाठी तरी फ्रेशर पोरांनी हा एक तास बसायलाच हवं. ऑफर लेटरवर सहा लाख लिहिलंय म्हणजे महिना पन्नास हजार, असा हिशोब बहुतेकांनी मनात केलेलाच असतो. मॅडमनी फळ्यावर सोललं. बेसिक तीन लाख धरा. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के म्हणजे ३६,०००, तो ह्या सहा लाखांतच. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्याने १४,४३०, तीही ह्यातच, अन कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं टिकलात तर हातात येते. व्हेरिएबल ६०,०००, वर्षाअखेरीस मिळालं तर मिळालं. इन्शुरन्सचा हप्ता १०,०००. मग तुमचा स्वतःचा पीएफ अजून ३६,००० कापला, महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५०० गेला, राहिले दर महिन्याला साडेछत्तीस ते सदतीस हजार. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. नगरच्या पोराने मोबाईलवर पुन्हा गुणाकार करून बघितला. पीएफ वाया जात नाही, तुमचाच आहे, वगैरे मॅडमनी सांगितलं, पण वाकडचं भाडं पीएफमधून देता येत नाही ना.

आता काय राहिलं ते. सगळा क्लास अमेरिका गृहीत धरून चालतो. जर्मन लोकांच्या इंग्रजीबद्दल एक अक्षर नाही, आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यात जर्मन कस्टमर असलेल्या कंपन्या किती आहेत हे पुण्यात क्लास चालवणाऱ्याला माहीत असायला हवं. जर्मन माणूस 'सेंड मी द अ‍ॅक्च्युअल ड्रॉइंग' म्हणतो तेव्हा त्याला सध्याचं, लेटेस्ट ड्रॉइंग हवं असतं, कारण त्याच्या भाषेतल्या आक्टुएल शब्दाचा अर्थ सध्याचा. आमच्या क्वालिटीत अ‍ॅक्च्युअल म्हणजे मोजून आलेलं माप. आता ह्यात किती गोंधळ होऊ शकतो ते क्वालिटीवाल्यांनाच कळेल. 'प्लीज सेंड अन्टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहा असं नाही, शुक्रवारच्या आत एकदा पाठवा. आणि त्याने इव्हेंच्युअली म्हटलं तर शेवटी नक्की असं समजू नका, बहुतेक वेळा तो कदाचित म्हणत असतो. हे मी कस्टमरबरोबर काम करून शिकले, क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले आउट ऑफ सिलॅबस.

ऐकण्याचा सरावही जवळजवळ शून्य. मेल घरी बसून चारदा वाचता येतो, कॉल नाही. मॅडमनी एकदा कुठल्यातरी कंपनीच्या टाउन हॉलचं रेकॉर्डिंग लावून बझवर्ड बिंगो खेळायला लावलं, हाउझीसारखी तिकिटं, आकड्यांऐवजी ट्रान्सफॉर्मेशन, जर्नी, एम्पॉवर असले शब्द, तेवढाच काय तो सराव. हा खेळ १९९३ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या टॉम डेव्हिसने काढला असं मागून सरांनी येऊन सांगितलंच, राहवलं नाही त्यांना. काकांचं फुल हाउस झालं, पहिल्या सात मिनिटांत. असे आणखी चार तास असते तर मी चार स्टार दिले असते.

अप्रेझलची भाषा उरकली. मीट्स एक्स्पेक्टेशन्स म्हणजे इन्क्रिमेंट बेताचं, स्ट्रेच गोल म्हणजे त्याच पगारात जास्त काम, पीआयपी (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) म्हणजे दुसरी नोकरी बघायला सुरुवात करा. बरोबर आहे, पण पीआयपीचा कागद समोर आला तर त्यावर सही करताना काय विचारायचं, काय लेखी मागायचं, हे कोणी सांगितलं नाही.

फुकटात होतं का हे सगळं? शब्दाचा अर्थ हवा असेल तर हो, मोबाईलवर चॅटबॉटला विचारा, पुस्तिकेपेक्षा बरं उत्तर देतो. पण बायर कुठल्या तोंडाने बॉलपार्क मागतोय ते परचेसला आयुष्य घालवलेली बाईच सांगू शकते. त्यामुळे ज्यांचं आधीच क्लायंटशी रोजचं बोलणं आहे, ज्यांच्याकडे अडलेले मेल आहेत, त्यांना उपयोग होईल, आपले मेल नावं खोडून घेऊन जा अन मॅडमना दाखवा. अजून नोकरीच लागलेली नाही अशांनी थांबावं, सीटीसीचा हिशोब वर दिलाच आहे. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देतात, आमच्या एचआरने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

माझ्याकडून मॅडमना साडेचार, सरांना अडीच, पुस्तिकेला एक, तो पण बाइंडिंगला.

जायचंच असेल तर काउंटरवर पैसे भरायच्या आधी कुठला तास कोण घेणार ते लेखी घ्या, तोंडी हो म्हणतात. पहिल्या लेक्चरनंतर रिफंड नाही. ऑनलाइन बॅच घेऊ नका, त्यात फक्त सरांची रेकॉर्डिंग आहेत. बाईक समोरच्या गल्लीत लावू नका, शनिवारी उचलतात. आणि फी दोन हप्त्यांत देता येते, ते स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.